गड, घर आणि झाड

मोठ्या शहरांतून हल्ली एक नवा विचार ऐकू येतो. इमारतीवर झाडे लावा, गच्चीवर माती घाला, भिंतीवर वेल चढवा, म्हणजे शहर थंड राहील आणि माणसाच्या डोळ्यांना विसावा मिळेल, असा तो विचार आहे. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराच्या कल्पनेतून एक घर उभे राहिले. १९८५ साली ते पुरे झाले. त्याची जमीन मुद्दाम उंचसखल ठेवली आहे, छपरावर माती आणि झाडे आहेत, आणि काही झाडे तर घरातूनच खिडकीबाहेर डोकावतात. या झाडांना तो ‘भाडेकरू’ म्हणत असे. झाड भाडे देते ते सावलीच्या आणि स्वच्छ हवेच्या रूपाने, असा त्याचा हिशेब! पुढे २०१४ साली इटलीतील मिलान शहरात दोन उंच मनोरे बांधले गेले. त्यांच्या सज्ज्यांतून सुमारे आठशे झाडे वाढवली आहेत. जगभरचे लोक ते पाहायला जातात.

आपल्या मुंबईतही असा एक नमुना फार पूर्वीपासून आहे. मलबार हिलवरच्या ज्या बागेला लोक ‘हँगिंग गार्डन’ म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या मोठ्या टाक्यांवर केलेली बाग आहे. वर हिरवळ, खाली शहराचे पिण्याचे पाणी. बागेत फिरणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

हे सारे चांगलेच आहे. पण या गोष्टी वाचताना मला आपला मालवणी मुलूख आठवतो, आणि वाटते की ही मंडळी आधी इमारत उभी करतात आणि मग तिच्यावर झाड कसे चढवावे याचा विचार करतात. आपल्याकडची चाल उलटी होती. आधी पाणी पाहायचे, मग झाड पाहायचे, आणि त्यांनी सोडलेल्या जागेत भिंत उभी करायची. ही चाल कोणा एका शहाण्याने लिहून ठेवलेली नाही. ती तलावात, गडात आणि घरात दिसते. त्या तिन्ही ठिकाणी आज आपण थोडे फिरून येऊ.

आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी एका घरात वाद चालला होता. जुने मातीचे घर पाडून नवे स्लॅबचे घर बांधायचे होते. खळ्याच्या कोपऱ्यावर एक जुना फणस होता. तो नेमका नव्या घराच्या कोपऱ्यात येत होता. मुलगा म्हणाला, तोडावा. घरातले म्हातारे आजोबा गप्प बसून होते. मी शाळामास्तर म्हणून मला बोलावले होते, नकाशा समजावून सांगायला. शेवटी आजोबा मला म्हणाले, “मास्तरानू, घर बांधताना पयली बाव बघूक व्हयी, मगे झाडा, आणि मगे भिंत. ह्यांका भिंत पयली दिसता.” त्या वेळी मी ते म्हाताऱ्याचे बोलणे म्हणून ऐकले. पुढे विचार करू लागलो, तेव्हा त्या एका वाक्यात या किनाऱ्याचा चारपाचशे वर्षांचा इतिहास आहे असे माझ्या लक्षात आले.

प्रथम धामापूरला जाऊ. मालवणहून आत कुडाळकडे निघालो की वाटेत धामापूरचा तलाव लागतो. विजयनगरच्या राजवटीतील मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० साली बांधला. डोंगरांच्या मधली जागा बांधाने अडवली, पावसाचे पाणी साठवले, आणि ते उताराने खालच्या शेतांना आणि पोफळीच्या बागांना दिले. काठावर भगवती देवीचे देऊळ आहे आणि भोवती दाट झाडी. आता पहा, हे देऊळ, हा बांध आणि ही झाडी या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. डोंगरावर झाडी आहे म्हणून पावसाबरोबर माती वाहून येत नाही. माती येत नाही म्हणून तलाव लवकर बुजत नाही. तलाव बुजत नाही म्हणून खालची बाग जगते. आणि देवीचा धाक आहे म्हणून झाडीला कोणी हात लावत नाही. एक कडी काढली की साखळी सुटते. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० साली या तलावाला जागतिक वारशाचा मान दिला. जवळजवळ पाचशे वर्षे वापरात असलेले बांधकाम म्हणून तो मान मिळाला. पण गावच्या माणसाला तो तलाव ‘वारसा’ म्हणून ठाऊक नव्हता. तो ठाऊक होता पाणी म्हणून.

आता समुद्रात जाऊ. मालवणच्या किनाऱ्यावरून समोर पाहिले की कुरटे बेट आणि त्यावरचा सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. किनाऱ्यावर ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून खडक आहे, तेथे पूजा झाली. बांधकामावर हिरोजी इंदुलकर होते. तीन वर्षांच्या आत, म्हणजे १६६७ साली, किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते असे परंपरा सांगते.

या किल्ल्याची एक गोष्ट शिक्षकांनी मुलांकडून गणित म्हणून करून घेण्यासारखी आहे. किल्ल्याच्या आतली जागा सुमारे ४८ एकर आहे. एवढ्या जागेला अगदी गोल कुंपण घातले, तर ते किती लांब होईल? हिशेब केला तर सुमारे दीड किलोमीटर, म्हणजे मैलाच्या आसपास येते. पण सिंधुदुर्गचा तट सुमारे तीन किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट लांब आहे. हा जादा दगड, जादा चुना, जादा मजुरी कशासाठी? कारण तट सरळ किंवा गोल नाही. बेटाचा खडक जसा आत-बाहेर जातो तसा तट नागमोडी गेला आहे. बांधणाऱ्याने खडकाला आपल्या नकाशात कोंबले नाही, आपला नकाशा खडकावर बसवला. त्याचा फायदाही झाला. लाट एका सपाट भिंतीवर येऊन आदळत नाही, ती वळणावळणांत फुटते. चाळिसाहून अधिक बुरूज त्या वळणांवर बसले, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याचे पायथे राखता येऊ लागले. दरवाजाही असा वळणात लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो कुठे आहे हे परक्याला कळत नाही.

बरे, तट झाला, पण चहूकडे खारे पाणी असताना माणसांनी प्यायचे काय? किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे किती गोड आहेत पहा: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! लोकांना तो चमत्कार वाटतो. चमत्कार म्हणायला माझी हरकत नाही, पण त्याचे कारणही जाणून घ्यावे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, जशी दुधावर साय. शास्त्रज्ञांचा साधारण हिशेब असा आहे की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. उलटही खरे. वरचे पाणी जर हावरेपणाने उपसले, तर एक फूट उतरताच खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. ४८ एकरांवर वर्षाला नुसता दोन मीटर पाऊस धरला, तरी ते पाणी सुमारे ३९ कोटी लिटर होते. यातले बरेच समुद्राला मिळते, काही उन्हाने जाते, पण जे मुरते त्यावर त्या बावी जगतात. म्हणजे किल्ल्याची खरी ताकद जितकी तटात आहे, तितकीच आतल्या उघड्या जमिनीत आहे. ते सारे ४८ एकर जर फरसबंदी करून टाकले असते, तर दूधबाव नावापुरतीच उरली असती.

१६९५ साली राजाराम महाराजांनी या किल्ल्यात शिवराजेश्वराचे देऊळ उभारले, असे सांगतात. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि थोड्याच काळात परत दिला. १८१२ च्या तहाने तो करवीरकरांकडून कायमचा इंग्रजांकडे गेला. राज्ये आली आणि गेली. पण किल्ल्यातली वस्ती मोडली नाही. काही कुटुंबे आजही तेथे राहतात, माड आहेत, बावी आहेत.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही आजचे विचार जुन्या माणसांच्या तोंडी घालता. झाडाचा एवढा विचार तेव्हा कोण करत होते? याचे उत्तर लेखी आहे. रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारास लिहिले गेले. रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांचा कारभार डोळ्यांनी पाहिला होता, त्यांच्या मंत्रिमंडळात काम केले होते. राज्य कसे चालवावे याविषयीचा तो ग्रंथ आहे. त्यात गडांचे प्रकरण आहे. गड बांधण्यापूर्वी प्रथम तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो, म्हणून टाकी-तळी आणखी बांधून ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. आणि लगेच झाडांचा विषय येतो. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष लावावे, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे लावावी, फुलझाडे आणि वेलीसुद्धा लावाव्या, आणि त्यांची राखण करावी, असा त्याचा आशय आहे. कारण काय दिले आहे? वेळ पडली तर निदान त्यांचे लाकूड तरी कामी येईल. पहा, भावनेच्या भरात लिहिलेले हे नाही. वेढा पडल्यावर सरपण कोठून आणणार, हा त्या माणसापुढचा प्रश्न होता.

त्याच ग्रंथात आरमाराचे प्रकरण आहे, आणि ते आपल्या किनाऱ्याला अगदी लागू आहे. जहाजे बांधायची तर लाकूड पाहिजे. सागासारखी झाडे आपल्या रानात असतील ती परवानगीने तोडावी, कमी पडतील ती बाहेरून विकत आणावी. पण आंबे, फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामाची असली, तरी त्यांना हात लावू देऊ नये, असे ग्रंथ बजावतो. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी बहुत दिवस वाढवलेली असतात. ती तोडली तर लोकांच्या दुःखाला पार राहत नाही, आणि झाडे गेली की नुकसान होते ते राज्याचेच. एखादे झाड फार जुने, निरुपयोगी झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये. श्रोतेहो, दर्यावर शत्रू उभा असताना, जहाजाची निकड असताना, राज्यकर्त्याने कुणब्याच्या परसातल्या फणसापाशी थांबून परवानगी मागावी, ही गोष्ट लहान नाही. माझ्या वाडीतल्या त्या आजोबांनी आज्ञापत्र वाचले नव्हते. पण दोघांचे म्हणणे एकच होते.

आता आपल्या घरात येऊ. जुने मालवणी घर रस्त्यावरून पटकन दिसत नसे. आधी गडगा लागे, मग माड, मग आंबा-फणस, आणि त्यांच्या आत कुठेतरी कौले दिसत. घराची भिंत मातीची किंवा जांभ्याच्या चिऱ्याची. हा जांभा म्हणजे आपल्या मुलखाचे मोठे भाग्य. जमिनीत असतो तोवर मऊ, हत्याराने कापता येतो, आणि वारा-ऊन लागले की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरने १८०० च्या सुमारास मलबारात हा दगड पाहिला आणि विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. आपले चिरेखाणीचे कामगार ते नाव न घेता पिढ्यान् पिढ्या हेच काम करत आले.

छपरे पूर्वी गवताची, मग घरगुती नळ्यांची. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि ती चपटी मंगळुरी कौले पुढे साऱ्या किनाऱ्यावर पसरली. छप्पर उतरते आणि खाली ओढलेले, म्हणजे पावसाची झड भिंतीला लागू नये. पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची. पुढे पडवी किंवा लोटा, त्यापुढे सारवलेले खळे, खळ्यात तुळस. दिवाळी झाली, भात घरात आले, की खळ्यात माटव पडायचा. खांब रोवायचे, वर माडाची चुडते टाकायची. लग्न, भजन, सुपारी सोलणे, पापड वाळवणे, सारे त्या माटवाखाली. मृग जवळ आला की माटव काढायचा, चुडते चुलीत. म्हणजे घराला एक खोली अशी होती की जी उन्हाळ्यात उगवे आणि पावसात नाहीशी होई. व्हिएन्नाच्या त्या चित्रकाराला ही कल्पना नक्कीच आवडली असती.

घरामागे न्हाणी. न्हाणीचे पाणी कधी वाया गेले नाही. पन्हळीतून ते केळीला, अळवाला किंवा माडाच्या आळ्यात जायचे. भांडी घासलेली राख तिथेच पडायची, माडाला तीही खत. परड्यात शेवगा, कढीपत्ता, पपनस. गडग्याच्या फटींतून पावसाळ्यात नेचे उगवायचे, आणि गडग्याला चुना नसल्याने जादा पाणी त्यातून सुखाने झिरपून जायचे. पाऊस अडवायचा नाही, पळवायचाही नाही, त्याला वाट द्यायची पण चालायला लावायची, धावू द्यायचे नाही. बागेत तर मजल्यांवर मजले असत. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली जायफळ आणि केळ, आणि अगदी जमिनीवर अननस, हळद, आले. मिलानच्या मनोऱ्यातही मजल्यामजल्यावर झाडे आहेत. आपल्या बागेत मजलेच झाडांचे आहेत.

आणि गावासाठी राय. गावच्या देवळाभोवतीची झाडी देवाची. सातेरी असो, रवळनाथ असो, त्या राईतले झाड तोडायचे तर देवाचा कौल घ्यावा लागे. बहुधा त्या राईतच झरा असे, आणि व्हाळ तिथूनच निघे. कायद्याची पाटी नव्हती, पण कायदा होता.

श्रोतेहो, इथवर ऐकून कोणाला वाटेल की पूर्वी सारेच उत्तम होते आणि आज सारेच बिघडले. तसे म्हणणे खोटे ठरेल. त्या सावलीच्या घराची किंमत कोणी दिली? दर आठवड्याला खळे सारवणाऱ्या, बावीवरून कळशा वाहणाऱ्या, धुराच्या चुलीपुढे डोळे पुसणाऱ्या बायांनी. गवताचे छप्पर एका ठिणगीत पेट घेई. मातीच्या भिंतीला वाळवी लागे, कोंदट माजघरात भरदिवसा दिवा लावावा लागे. शाकारणीला माणसे मिळेनाशी झाली, कारण घरटी एक-दोन माणसे मुंबईला गिरणीत. आणि प्रत्येकाच्या वाट्याला बाव आणि बाग होती असेही नाही. वाड्या जातीने वेगळ्या होत्या, पाणवठे वेगळे होते, आणि काहींना ओंजळभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर उभे राहावे लागे. म्हणून ज्याने पक्के घर बांधले, ज्याच्या घरात नळ आला, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पक्के घर ही चैन नव्हे, ती गरज होती.

पण पक्के घर बांधताना आपण काही गोष्टी उगाचच टाकून दिल्या, त्यांचा विचार करायला हवा. उतरते छप्पर टाकून सपाट स्लॅब घातला. आपल्याकडचा पाऊस त्या स्लॅबवर चार महिने बसून राहतो. मग गळू लागते. मग स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि पत्रे चढतात. म्हणजे उतरते छप्पर परत आलेच, फक्त दोन छपरांचा खर्च होऊन! खळे सारवायचा त्रास नको म्हणून तिथे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसवले. पाणी मुरायचे थांबले. हजार चौरस फुटांच्या छपरावर दोन मीटर पाऊस धरला, तर ते पाणी सुमारे १ लाख ८५ हजार लिटर होते. तेवढे पाणी आपण गटाराने समुद्राला देतो आणि मार्चपासून टँकरची वाट पाहतो. किनाऱ्यालगत तर धोका आणखी मोठा. मघाशी सांगितलेला दुधावरच्या सायीचा हिशेब तिथेही लागू आहे. पंप लावून साय ओरबाडली की खालचे खारे पाणी वर येते, आणि एकदा बाव खारी झाली की ती गोडी व्हायला फार वर्षे लागतात. देवळांचेही तसेच. जीर्णोद्धाराच्या उत्साहात देऊळ मोठे होते, सभामंडप येतो, गाड्या उभ्या करायला जागा लागते, आणि ज्या राईसाठी देव तिथे बसला ती राय आक्रसत जाते.

त्या फणसाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. फणस तोडला. त्याचे लाकूड उत्तम निघाले, नव्या घराचे दरवाजे त्याचेच आहेत. घरही चांगले झाले, हवेशीर, मुलांना अभ्यासाला खोली मिळाली. पुढच्या एप्रिलात मी गेलो तेव्हा स्लॅब तापल्यामुळे दुपारी घरात बसवत नव्हते. मंडळी खळ्यात होती. जिथे फणसाची सावली पडत असे, नेमक्या त्या जागी खांब रोवून माटव घातला होता. आजोबा त्याखाली बसून होते. ते काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. पण नकाशावर मीच त्या दिवशी बोट ठेवून म्हटले होते की भिंत सहा फूट मागे घेतली तर खर्च वाढेल. सहा फुटांचा खर्च मी मोजला, फणसाचा मोजला नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे.

पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आले. पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र शिकवले. त्यांनी आपल्या देशातील कितीतरी शहरे पायी फिरून पाहिली आणि नगररचनेचे अहवाल लिहिले. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या ते विरुद्ध होते. आधी फिरा, पाहा, मोजा, जुनी तळी, विहिरी, झाडे कुठे आहेत ते समजून घ्या, आणि मग नेमके जेवढे बिघडले आहे तेवढेच दुरुस्त करा, असे त्यांचे सांगणे होते. निष्णात वैद्य जसा दुखरी जागा तेवढीच कापतो, तसे.

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला, ओरोसला नवे मुख्य ठिकाण वसले. गावेही आता झपाट्याने शहरासारखी होत आहेत. तेव्हा गेडिस यांची रीत आपण आपल्या गावापुरती का वापरू नये? शिक्षकांना माझी विनंती आहे. एका शनिवारी मुलांना घेऊन वाडीत फिरा. प्रत्येक घराची बाव कोणती, तिला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, खळे सारवलेले की फरशीचे, मोठी झाडे किती, न्हाणीचे पाणी जाते कुठे, एवढेच लिहून घ्या. दोरीला दगड बांधून बावीतले पाणी दर महिन्याला मोजा आणि वर्षाचा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावा. चार-पाच वर्षांत त्या तक्त्यावरून गावाला जे कळेल, ते बाहेरून येणाऱ्या कोणाला सांगता येणार नाही. आणि ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी गवंड्याला बोलावण्याआधी एक सकाळ नुसते आपल्या जागेत फिरावे. पावसाचे पाणी कुठून येते, कुठे जाते, दुपारची सावली कुठे पडते, ते पाहावे. स्लॅब घाला, पण उतार ठेवा. खळ्याला फरशी घाला, पण निम्मे खळे मातीचे राहू द्या. छपराचे पाणी पन्हळीने बावीजवळच्या खड्ड्यात मुरवा. झाड आड आले तर भिंत वळवून पाहा. हिरोजींनी तीन किलोमीटरचा तट खडकासाठी वळवला, आपल्याला सहा फूट वळवायला काय हरकत आहे?

जाता जाता पुन्हा धामापूरला जाऊ. त्या तळ्याची एक कथा तिकडे सांगतात. गरिबाच्या घरी लग्न निघाले, आणि अंगावर घालायला दागिना नसला, की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि ती परडी तळ्याच्या पाण्यात सोडायची. भगवती देवी परडीतून खरे सोन्याचे दागिने पाठवायची. लग्न पार पडले की ते दागिने परत तळ्यात सोडायचे. असे कितीतरी पिढ्या चालले. मग एकदा कोणाला तरी लोभ सुटला. त्याने दागिने परत केलेच नाहीत. तेव्हापासून परडी रिकामीच वर येते.

कथा खरी की खोटी, यात मी शिरत नाही. पण ज्यांनी ती रचली त्यांना तळे म्हणजे काय ते नीट कळले होते. पाणी, माती, सावली हे सारे आपण उसने घेतो. घर बांधायचे तर घ्यावे लागतेच. फक्त लग्न पार पडल्यावर दागिने परत करायची आठवण ठेवावी.